विहिरीतलं घोरणं

२०२४ साल. मला एकोणसत्तर वर्षं पुरी झालेली. एप्रिलची दुपार होती आणि मी मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या अलीकडे, एका विहिरीत अर्ध्यावर बसलो होतो. डोळे उघडले तेव्हा घसा बंद. गळ्यात कोणी फडक्याचा बोळा कोंबावा तसं. हवा आत येईना. मी हात झाडले, पाना सुटला आणि खाली पाण्यात गेला. मग घर्र करून एकदम हवा आत शिरली.

वर बघितलं तर आभाळाचा गोल तुकडा आणि त्याच्या कडेला सात-आठ डोकी.

"मिस्तरी, जिवंत हाव का?" सुमनने विचारलं.

"मेलेल्याला विचारतेस का जिवंताला?"

"वर या आदी."

"पंप उघडा पडलाय. वर येऊन काय करू?"

"वर या सांगते ना. नाय तर किसनला खाली धाडते, तो बांधून वर काढंल."

मला आजवर कोणी बांधून वर काढलं नाही. मी माझ्या पायांनी वर आलो.

माझी ओळख सांगतो. मी किन्हवलीकडचा. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत पाण्याचा पंप बिघडला की माणसं मला फोन करतात. नाव कोणी घेत नाही, नुसतं मिस्तरी म्हणतात. ही सुमन म्हणजे भेंडीवाली. नवरा गेल्यापासून भेंडीचा मळा तीच बघते. किसन तिचा धाकटा दीर. अंगाने दणकट, बोलायला कमी.

उन्हाळी भेंडीला दिवसाआड पाणी लागतं. तिचा पंप चार दिवस धड चालत नव्हता आणि पानं माना टाकायला लागली होती. म्हणून मला बोलावलं होतं.

आता पंप विहिरीत का, ते सांगतो, कारण शहरातले लोक हे हटकून विचारतात. पंप पाणी वर लांब ढकलू शकतो, पण खालून ओढायची त्याची ताकद फार नाही. पंचवीस फुटांच्या पुढे तो ओढत नाही, कितीही भारी घ्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पंपही खाली न्यावा लागतो. त्यासाठी विहिरीच्या भिंतीत एक टप्पा कोरलेला असतो. पंप त्याच्यावर बसतो आणि दुरुस्त करणाराही त्याच्यावर बसतो. पंपाला दोन पाइप. पाण्यातून पंपापर्यंत येतो तो सेक्शन. पंपापासून मळ्यात जातो तो डिलिव्हरी. झालं, एवढंच.

सुमनच्या पंपाचा त्रास असा होता की बटण दाबलं की पाणी जोरात यायचं. मग धार बारीक व्हायची, मग बंद. मोटर नुसती ओरडत राहायची. थोड्या वेळाने पाइप खाकरायचा आणि भसकन पाणी. पुन्हा तेच. मी सकाळपासून सगळं बघितलं होतं. पाण्यातली झडप बदलली. हवा आत शिरू नये म्हणून पंपाच्या दांड्याभोवती भरतात ती दोरी नवी घातली. तेवढ्यात लाइट गेली. लाइट यायची वाट बघत मी टप्प्यावर टेकलो. खाली गार होतं. पुढचं मला ठाऊक नाही.

पुढचं सुमनने सांगितलं. भेंडी तोडायला आलेल्या बाया जेवून आंब्याखाली बसल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "चला, पंप चालू झाला."

सुमन म्हणाली, "लाइट नाय तर पंप कसा चालू हुईल?"

मग सगळ्या विहिरीपाशी आल्या. विहिरीत आवाज घुमतो, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. आधी त्या हसल्या. मग घोरणं थांबलं.

"थांबलं म्हणजे झोपमोड झाली असंल," मी म्हटलं.

"झोपमोड नाय. श्वासच थांबला. आमी कान लावून बसलो. काय नाय. मी म्हटलं गेले. तेवढ्यात असा आवाज आला, बकऱ्याची मान दाबल्यावानी. मग पुन्ना घोरणं. पुन्ना बंद. तीनदा असं झालं, तवा मी हाक मारली."

"मी झोपलो नव्हतो. विचार करत होतो."

म्हातारी म्हणाली, "माझा म्हाताराबी असाच विचार करायचा. शेजारच्या पाड्यात ऐकू जायचा."

बाया हसल्या. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि पुन्हा विहिरीकडे वळलो. सुमन आडवी आली.

"तुमी नाय उतरायचं."

"का?"

"झोपंत पाण्यात पडला तर? यशोदाकाकीला मी काय तोंड दाखवू?"

"मला पोहता येतं."

"झोपंत पोहता?"

मी म्हटलं, "मग बोलव तुझ्या मुरबाडच्या पोराला." मुरबाडला एक नवीन पोरगा पंपाची कामं करतो. मोटरसायकलवर येतो, कानात वायर घालून काम करतो.

"बोलवला आसता. तो परवा येतो बोलला. परवापोत भेंडी राहील का?"

ती बोलत होती ते खरं होतं. मी काम अर्धं टाकून आजवर उठलो नाही, आणि ही बाई मला खाली जाऊ देईना. शेवटी असं ठरलं की मी वर कठड्यावर बसून सांगायचं आणि किसनने खाली उतरून करायचं. मला हे अजिबात आवडलं नाही. पण लाइट आली होती, आणि लाइटचा भरवसा नाही.

किसनने पंप जोडला. पंपात पाणी भरलं. मी वरून बटण दाबलं. पाणी आलं, बारीक झालं, बंद पडलं.

"किसन, काय दिसतंय?"

"काय नाय. मोटर फिरतेय."

"मोटर नको बघू. सेक्शन बघ. वरपासून खालपोत हात फिरव."

तो हात फिरवत खाली वाकला. मग म्हणाला, "मिस्तरी, पाइप चपटा हुतोय."

"कुठं?"

"खाली. पाण्याच्या वर हातभर. चपटा हुतो, मग फुगतो."

"तिथला पाइप कसला हाय?"

किसन पाइपावरचा चिखल पुसत राहिला.

"किसन, मी विचारतोय."

"मऊ हाय. पाणी खाली गेलं तवा पाइप पुरंना. डिलिव्हरीचा तुकडा पडलेला, तो मीच जोडला."

सुमनने कपाळाला हात लावला. "आन चार दिस मला सांगत हुता, मोटर जुनी झाली."

हे कळलं की सगळं कळलं. डिलिव्हरीच्या पाइपात पाणी आतून ढकलत जातं, म्हणून तो मऊ असला तरी चालतो. पाण्याने तो फुगूनच राहतो. सेक्शनचं उलट. तिथे पंप ओढतो. मऊ पाइप असला की ओढीने त्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि रस्ता बंद. ओढ सुटली की उघडतो, पुन्हा ओढला की पुन्हा चिकटतो. म्हणून सेक्शनला आत तार गुंडाळलेला कडक पाइप लागतो. मी सकाळी त्याच पाइपाच्या वर बसलो होतो, पण तो जोड पाण्याच्या अंगाला, सावलीत. मला दिसलं नाही. आता डोळ्यांत झोप होती म्हणून दिसलं नाही की काय, ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

माझ्या टेम्पोत कडक पाइपाचा तुकडा होता. किसनने बसवला. पाणी आलं आणि येतच राहिलं. बाया पाटाच्या कडेने चालत मळ्यात गेल्या. सुमनने चहा केला. सगळे खूश. मी सोडून. माझ्या हाताला ग्रीसचा डाग नव्हता आणि पंप चालू झाला होता. असं कधी झालं नव्हतं.

निघताना सुमन म्हणाली, "मिस्तरी, राग नका धरू. पण डॉक्टरला दाखवल्याबिगर माज्या हिरीत तुमाला उतरू देनार नाय."

"तुझी एकच हीर हाय का तालुक्यात?"

"बाकीच्यांनाबी सांगते."

तिने खरंच सांगितलं. मी घरी पोचायच्या आत यशोदाला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन गेलेला. मग आठ दिवसांत जो फोन येई तो असा, "मिस्तरी, तुमी वर बसून सांगा, आमचा पोरगा उतरंल." एक जण तर म्हणाला खुर्ची टाकतो. पंपाच्या माणसाला विहिरीच्या काठावर खुर्ची म्हणजे त्याला पेन्शनीत काढलं. मी दोन कामांना नाही म्हटलं. तिसऱ्याने विचारलंच नाही, मुरबाडच्या पोराला बोलावलं.

यशोदा म्हणाली, "मला यात काय नवीन नाय. रातच्याला तुमी उठून बसता. घसा धरता. मी पाठ चोळते. सकाळी विचारलं तर बोलता, काय झालंच नाय."

"वाल खाल्ले की गॅस हुतो."

"वाल नाय खाल्ले तरीबी हुतो."

"मग पान."

"पान सोडून वरीस झालं."

बाईच्या लक्षात सगळं राहतं. तरी मी डॉक्टरकडे गेलो नाही. पंपाला जसं आधी आपणच बघतो, तसं म्हटलं आपणच बघू. पोटातलं वर येत असेल तर डोक्याची बाजू उंच करावी, म्हणून खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या. सकाळी मी खाटेच्या पायथ्याशी गोळा होऊन पडलेलो आणि पाय बाहेर. मग यशोदाने बघितलं की मी उताणा झोपलो की जास्त होतं. तिने माझ्या बनियनला पाठीमागे खिसा शिवला आणि त्यात नातवाचा रबरी चेंडू घातला. उताणा झालो की चेंडू टोचायचा. थोडा फरक पडला, खोटं कशाला बोलू. पण एक दिवस तेच बनियन घालून मी आटगावला बाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, "मिस्तरी, पाठीला गाठ आली काय?" चेंडू त्याच दिवशी नातवाला परत दिला.

शेवटी मी शहापूरला गेलो ते आजाराला भिऊन नाही. टेम्पो चालवताना किन्हवलीच्या रस्त्याला माझा डोळा लागला. क्षणभरच. टेम्पो कडेच्या गवतात गेला आणि थांबला. समोर एक म्हैस उभी होती. ती हलली नाही, मीच घाबरलो. तेव्हा मला पटलं की विहीर राहू दे, आता रस्ताही जाईल.

नाक-कान-घशाची डॉक्टरीण तरणी होती. माझ्या सुनेच्या वयाची. तिने तोंडात बॅटरी मारून बघितलं, टेप लावून मान मापली. मला वाटलं सदरा शिवते की काय.

"बाबा, दिवसा झोप येते का?"

"नाय."

यशोदा शेजारीच होती. "हिरीत येते. टेम्पोतबी येते."

डॉक्टरीण हसली नाही, म्हणून मला ती बरी वाटली. तिने एक लहान यंत्र दिलं. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाला बारीक नळी, असं लावून घरीच एक रात्र झोपायचं. दुसऱ्या दिवशी यंत्र परत केलं. तिने ते कॉम्प्युटरला लावलं आणि श्वास कितीदा थांबला ते सांगितलं. मला वाटलं रात्रभराचं सांगते. ते एका तासाचं होतं.

"म्हणजे नळी तुंबलीय," मी म्हटलं. "साफ करा."

"तुंबलेली नाही बाबा. जागेपणी तुमचा घसा चांगला उघडा आहे."

"मग झोपेत कोण बंद करतं?"

"झोपेत घसा सैल पडतो. वयाने, थोडा वजनानेही."

"सैल हाय तर हवा जास्त जायला पायजे. कमी कशी जाईल?"

तिने कागदावर घशाचं चित्र काढलं. मला चित्र काही कळलं नाही, आणि कळलं नाही हे मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "चित्रात बरोबर असंल. माझ्या घशात तसं नाय." यशोदाने मला कोपराने ढोसलं. डॉक्टरीणही चिवट. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "हे बघा, तुम्ही श्वास आत ओढता. नळी मऊ पडलेली. ओढलं की तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. म्हणून हवा बंद. मग तुम्ही गुदमरून अर्धे जागे होता, घसा ताठ होतो, हवा येते. पुन्हा झोपलात की पुन्हा तेच."

मी खुर्चीत नीट बसलो.

"सेक्शनला मऊ पाइप," मी म्हटलं.

"काय?"

मी तिला सुमनच्या विहिरीचं सगळं सांगितलं. किसन, चपटा पाइप, भसकन पाणी. बाहेर पेशंट खोळंबले होते तरी तिने ऐकून घेतलं. यशोदा म्हणाली, "मॅडम, यांना घशाचं नाय कळत, पाइपाचं कळतं."

"मग घशाला पाइपच समजूया," डॉक्टरीण म्हणाली.

"आतून तार घालता येईल काय? कडक पाइपाला आसते तशी?"

"तार नाही घालत. नाकावर मास्क लावायचा. छोटं मशीन हवा दाबाने आत सोडतं. त्या दाबाने नळी फुगलेली राहते, चिकटत नाही."

"म्हणजे सेक्शनची डिलिव्हरी करायची."

"तसंच म्हणा. आणि वजन थोडं उतरवा. रात्री दारू घेत असाल तर बंद. त्याने घसा अजून सैल पडतो."

"मी घेत नाय."

यशोदा छताकडे बघत राहिली. डॉक्टरणीने कागदावर काहीतरी लिहिलं.

विहिरीचं मी विचारलंच. तीच माझी खरी नड होती. डॉक्टरीण म्हणाली, "महिनाभर रोज मशीन लावा. मग या. दिवसाची झोप गेली असेल तर उतरा. तोवर विहीर नाही आणि टेम्पोही दुसऱ्याने चालवायचा."

मशीनचा पहिला अनुभव काही चांगला नव्हता. मास्क लावून, त्याची नळी डोक्यावरून घेऊन पडलो तर यशोदा दाराशी उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. "काय झालं?" मी विचारलं तर तोंडातून वारा सुटला आणि शब्द उडून गेला. मास्क लावून तोंड उघडायचं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. ती म्हणाली, "गणपतीवानी दिसता. फक्त सोंड डोक्यावर ठेवलीय." पहिले काही दिवस मी झोपेतच मास्क काढून टाकायचो. सकाळी तो खाटेखाली सापडायचा. मी डॉक्टरणीला फोन केला, म्हटलं तुमचं मशीन बिघडलंय, हवा बाजूने जाते. ती म्हणाली, पट्टा घट्ट करा. मी केला. हवा गळत होती ती जोडातून, आणि जोड बसवायचं काम माझं. मी मास्कची कड नाकाच्या हाडावर कशी बसते ते आरशात बघून बसवली, आणि मग मास्क सोडला नाही.

सकाळी उठल्यावर डोकं जड नसतं, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं सगळ्यांचंच असतं. दुपारी जेवून बसलो तर नुसता बसलेलोच राहिलो. यशोदा पुन्हा पुन्हा येऊन बघून जायची, झोपलो का म्हणून. मी तिला म्हटलं, "विचार करतोय." या वेळी ते खरं होतं.

महिन्याने शहापूरला गेलो. डॉक्टरणीने मशीनमधलं सगळं बघितलं. मशीन चुगलखोर असतं, किती वेळ लावलं ते सगळं सांगतं. मी रोज लावलं होतं. ती म्हणाली, "उतरा विहिरीत. पण एकट्याने नाही. वर कोणीतरी पाहिजेच."

"सात-आठ बाया चालतील?"

"धावतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुमनला फोन केला.

"पंप कसा चाललाय?"

"झ्याक. तवापासून एकदाबी खोकला नाय."

"तरी एकदा बघायला पायजे."

"कशाला? चालतोय तर."

"येतो," म्हटलं आणि फोन ठेवला.

मी गेलो तेव्हा ती विहिरीवरच उभी होती, कमरेवर हात ठेवून. मी डॉक्टरणीचा कागद दाखवला. तिला इंग्रजी येत नाही, मलाही नाही. तिने तो उलटा धरून बघितला आणि परत दिला. "जा," म्हणाली. "पन मी हितनं हलनार नाय." तीस-चाळीस वर्षं मी विहिरीत एकटा उतरत आलो आणि वर कोणी उभं राहिलेलं मला खपायचं नाही. माझं सांगणं आता असं आहे की विहिरीत उतरणाऱ्याने वर एक माणूस ठेवावाच, आणि तो कमी ऐकणारा नसावा.

खाली गेलो. टप्प्यावर बसलो. पंप गुणगुणत होता, सेक्शन ताठ होता, कुठे थेंब नव्हता. किसनने काम चांगलं केलं होतं. दर थोड्या वेळाने वरून सुमनचा आवाज येत होता, "मिस्तरी?" आणि मी म्हणत होतो, "हाय." करण्यासारखं काही सापडेना. रिकामा वर येणं बरं दिसलं नसतं, म्हणून पाना काढला आणि पंपाच्या पायातला एक नट आवळला. तो आधीच घट्ट होता.